गाभ्याच्या वाटा, पितळेच्या वाट्या

(कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका पत्र्याच्या शेडमध्ये १०८९ सीसी इंजिनाची जुनी प्रीमियर पद्मिनी बॉनेट उघडून उभी आहे. मामांची सारी हयात ओतशाळेत गेली. भाच्याने ही गाडी नुकतीच घेतली आहे.)

भाचा : मामा, ब्लॉकच्या कुशीत गंजाचा ओघळ दिसतो. मेकॅनिक म्हणतो, फ्रीझ प्लग गेला. आपल्याकडे पाणी गोठतच नाही, मग या बुचाचे येथे प्रयोजन काय?

मामा : नावाने तुझी फसगत केली. बिडाचा ब्लॉक ओतताना, सिलिंडरांभोवती पाणी खेळावे म्हणून जी पोकळी राखावयाची, तिच्या आकाराचा वाळूचा गाभा आम्ही साच्यात बसवीत असू, आणि तो अधांतरी राहू शकत नसल्याने त्याला बाजूंनी टेकू द्यावे लागत. बीड निवल्यावर त्या टेकूंच्या जागी जी वाटोळी भोके उरतात, त्यांतूनच आतली वाळू काढावयाची आणि मग ती बुचांनी बंद करावयाची. सबब खरे नाव कोअर प्लग. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते हे खरे, आणि थंड मुलखात त्या दाबाने कधी बूच निघून ब्लॉक बचावतो, तर कधी बूच जागेवर राहून ब्लॉकच तडकतो. पण त्या योगायोगासाठी ही भोके कोणी ठेवलेली नाहीत.

भाचा : मग आमचे बूच कशाने गेले?

मामा : पाण्यानेच! (डब्यातून एक जुनी लोखंडी वाटी काढून) ही हातात धर. बाहेरचा रंग शाबूत, आतली बाजू मात्र वाळवीने खाल्ल्यासारखी. उजेडासमोर धर, सुईच्या अग्राएवढा कवडसा दिसेल. तुमच्या गाडीचे हेड ॲल्युमिनिअमचे, ब्लॉक बिडाचा, आणि त्यात लोक बोअरचे क्षारयुक्त पाणी ओततात! गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतले काम कधीच आटोपलेले असते. माझ्या स्वतःच्या गाडीची अशीच गळती एका कारखान्याने 'दुरुस्त' केली, पावतीवर नवे प्लग मांडले, आणि बोरघाटात इंजिन उकळल्यावर पाहतो तो जुन्याच बुचांवर लांबी थापून वर रंग दिलेला! ज्या कामाचे मोल घेतले ते काम केलेच नाही, याचा संताप मला आजही आवरत नाही.

भाचा : पण ठोकताना ब्लॉक तडकला तर?

मामा : आधी निवड तर करू. भोकात पायरी असेल तर बशीच्या आकाराचा प्लग, ज्याला अमेरिकेतील वेल्च मोटर कार कंपनीवरून वेल्च प्लग म्हणतात; भोक सरळ असेल तर वाटीचा. व्यास व्हर्निअरने भोकाचाच मोजावा, कारण जुनी वाटी दबून वाकडी झालेली असते. लोखंडी वाटी स्वस्त; पितळेला गंज नाही. रबराचा, बोल्टने फुगणारा प्लग केवळ वाटेतल्या अडचणीपुरता.

भाचा : पितळच घेऊ. पण हातोडी चुकली तर?

मामा : तू तेथेच अडला आहेस, म्हणून नीट ऐक. बीड ठिसूळ खरे, परंतु घाव बिडावर घालावयाचाच नाही. पाणी काढून टाकल्यावर जुन्या वाटीच्या एका कडेला पंच लावून हलके ठोक. ती भोकातल्या भोकात आडवी फिरेल, मग पक्कडीने ओढून घे.

भाचा : आणि आतच पडली तर?

मामा : तर ती शोधून काढावयाची, आत राहिली तर पाण्याची वाट अडते. म्हणून सरळ मधोमध घाव नको, पलीकडे सिलिंडरची भिंत असते. भोक उघडेच आहे तर आतला गाळही तारेने सैल करून धुऊन काढ. इंजिन तापण्याचे अर्धे कारण त्या गाळातच असते. भोकाची कड पॉलिश पेपरने चकचकीत कर, मात्र ओरखडा पडू देऊ नकोस. सीलंटचा पातळ लेप देऊन वाटीचे तोंड बाहेर ठेव, तिच्या आत सैलसर बसेल असा सॉकेट घाल, आणि कड भोकाच्या उतारापलीकडे सर्व बाजूंनी सारखी जाईपर्यंत सरळ, बेताने ठोक. बशी असती तर फुगीर बाजू बाहेर ठेवून मध्यावर बोथट ठोकणीने एकच घाव. फुगवटा किंचित दबला की व्यास वाढून ती घट्ट बसते. खड्डा पडेपर्यंत ठोकली तर पकड जाते.

भाचा : एकच गळतो, तर एकच बदलू का?

मामा : सारे एकाच वयाचे आहेत, हात पोचतील तेवढे सर्व बदल. फ्लायव्हीलमागे एखादा असेल तर त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो क्लच प्लेटच्या कामाबरोबर करू. आज बसवलेल्यांचे सीलंट रात्रभर सुकू दे. उद्या कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे निम्मे भरू, इंजिन तापवू आणि प्रत्येक बुचाभोवती कोरडे बोट फिरवून पाहू. आणि ती बोअरच्या पाण्याची बादली आत्ताच शेडबाहेर ठेव.