उजवे वळण, डावे वळण

तामिळनाडूतील कुंभकोणम् शहराजवळ तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. तमिळ भाषेत 'वलम्' म्हणजे उजवा आणि 'चुळी' म्हणजे वळण. कावेरी नदी येथे उजवीकडे वळते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. गावातील श्वेत विनायक प्रसिद्ध आहे. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकच्या गणपतीची सोंड उजवी, हेही आपण आवर्जून सांगतो. उजव्या-डाव्याचा असाच भेद रेणूंच्या जगातही असतो.

आपले दोन्ही तळहात पाहा. एक दुसऱ्याची आरशातील प्रतिमा आहे. परंतु उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताला बसत नाही. चिंचेतील टार्टारिक आम्लाचे रेणू असेच एका वळणाचे असतात. या आम्लाच्या एका क्षाराचे उजवे व डावे स्फटिक लुई पाश्चर यांनी १८४८ साली वेगळे केले.

आता मॅलेइक आणि फ्युमारिक ही दोन आम्ले घेऊ. दोहोंतील अणू तेच व तितकेच. परंतु दुहेरी बंधाभोवती फिरणे शक्य नसल्याने त्यांचे आकार भिन्न राहतात. मॅलेइक आम्लात दोन्ही आम्लगट एकाच बाजूस असतात. हा सिस समघटक. फ्युमारिक आम्लात ते विरुद्ध बाजूंस असतात. हा ट्रान्स समघटक.

थंड व विरल पोटॅशियम परमँगनेट दुहेरी बंधावर दोन हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूने जोडते. मॅलेइक आम्लापासून मिळणाऱ्या टार्टारिक आम्लाचे दोन अर्धे भाग परस्परांच्या प्रतिमा असतात. म्हणून त्या रेणूला उजवे-डावेपण उरत नाही. त्यास मेसो रूप म्हणतात. फ्युमारिक आम्लापासून मात्र उजव्या व डाव्या रेणूंचे समप्रमाण मिश्रण मिळते, कारण दोन्ही बाजूंनी हल्ला होण्याची शक्यता सारखीच असते.

ब्रोमीनची रीत निराळी. पहिला ब्रोमीन अणू दोन्ही कार्बनांवर पुलासारखा बसून एक बाजू अडवतो; दुसऱ्याला विरुद्ध बाजूनेच यावे लागते. त्यामुळे वरील निष्कर्ष उलटतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. काही औषधांचे एक रूप गुणकारी, तर त्याचीच प्रतिमा निरुपयोगी किंवा अपायकारक ठरते. म्हणून कोणता समघटक आणि कोणता अभिकारक घ्यावा, हे रसायनशास्त्रज्ञाला आधीच ठरवावे लागते.

पाठगत प्रश्न : फ्युमारिक आम्लावर ब्रोमीनची क्रिया केल्यास प्रामुख्याने मेसो रूप मिळेल की मिश्रण? कारण सांगा.