छातीतलं दुखणं नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवू नका

वार्षिक तपासणीला आलेला पेशंट खिशातून फोन काढून वर्षभर साठवलेली यादी वाचू लागला, की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या नोव्हेंबरात बेलव्ह्यूतल्याच एका पंचेचाळिशीच्या इंजिनिअरच्या यादीत नऊ तक्रारी होत्या. पहिली केस गळण्याची, दुसरी मान अवघडल्याची. सहावी होती, ‘जिना चढताना छातीत जड वाटतं, थांबलं की बरं वाटतं.’

कधीपासून? ‘ऑगस्टपासून.’

मग आला का नाहीत? ‘ॲन्युअल फ्री असतं ना, म्हटलं तेव्हाच विचारू. तोवर भारतातून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होतो.’

ईसीजी हातात आल्याबरोबर मी 911 ला फोन लावला. स्टेंट बसला, आज ते व्यवस्थित आहेत. पण ते तीन महिने आठवले की अजूनही माझा संताप होतो.

बेलव्ह्यूतल्या मराठी घरांत हा समज पक्का बसलाय: वर्षातून एक भेट फुकट, म्हणून सगळं तेव्हाच दाखवायचं. 2010 च्या आरोग्य कायद्यामुळे बहुतेक विमा योजनांमध्ये नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे प्रतिबंधात्मक तपासण्या मोफत होतात हे खरं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लसी, पंचेचाळिशीपासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. छातीतलं दुखणं यात बसत नाही. त्याच भेटीत मी ते तपासलं तर ती वेगळी व्हिजिट धरली जाते आणि कोपे किंवा डिडक्टिबल लागू शकतं. म्हणजे थांबून पैसेही वाचत नाहीत. अशी दोन बिलं आली म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीवर चिडू नका, ती फक्त नियम सांगते.

‘आपलीच माणसं, कोपे सोडा ना’ हेही ऐकते. मला नाही म्हणताना वाईट वाटतं, पण कोपे घेणं विमा कंपनीशी केलेल्या कराराचा भाग आहे. तो सरसकट माफ करणं फसवणुकीत जमा होऊ शकतं. खऱ्या सवलती मात्र हक्कानं मागा. एचएसए (आरोग्य बचत खातं) असेल तर कोपे त्यातून भरा, तो पैसा करमुक्त असतो. विमा नसेल किंवा वापरायचा नसेल तर सेल्फ-पे दर विचारा आणि खर्चाचा लेखी अंदाज आधीच घ्या. 2022 पासून तो देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि बिल त्यापेक्षा 400 डॉलर किंवा अधिक वाढलं तर 120 दिवसांत दाद मागता येते. हॉस्पिटलचं बिल झेपत नसेल तर चॅरिटी केअरचा अर्ज मागा. वॉशिंग्टन राज्यात हॉस्पिटलांवर तशी कायदेशीर जबाबदारी आहे. त्यात लाज कसली?

पण काही दुखण्यांना अंदाजपत्रक नसतं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, जीभ जड होणं. बायकांना आणि मधुमेहींना कधी नुसती मळमळ आणि थकवाच जाणवतो. अशा वेळी 911, स्वतः गाडी काढून 405 हायवेवर जायचं नाही. पैशांची बोलणी नंतर. 1986 च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभागाला आधी तपासून स्थिर करावंच लागतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा जोरजोरात खोकण्याचा उपाय कृपा करून कुणाला सांगू नका.

आणि भारतातून आलेल्या आई-बाबांकडे लक्ष ठेवा. प्रवासी विमा घेतानाच जुनी दुखणी त्यात धरली आहेत का, हे वाचा. मुलाला खर्च नको म्हणून ही माणसं गप्प बसतात, सुटकेसमधल्या पट्टीतली उरलेली अँटिबायोटिक घेतात. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी चार रात्री खुर्चीत बसून काढल्या होत्या, कारण आडवं झालं की दम लागायचा. सुनेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘टीव्ही बघत होते गं.’