ग्नूप्लॉटमध्ये आपले स्वतःचे चल

आलेख काढायचा म्हटले की बहुतेक जण आधी माऊस धरतात. ग्नूप्लॉटमध्ये माऊसला फारसे काम नाही. आज्ञा टंकायची, एंटर दाबायचे, आलेख समोर. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ साली हा प्रोग्राम सुरू केला. तो फुकट मिळतो. नावात ग्नू असला तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.

आमच्या हाउसच्या धावण्याच्या वेळा मी त्यात ठेवतो. सीनियर २४०० मीटर धावतात, ज्युनियर १६००. क्रॉस कंट्रीचा संघ निवडताना सर हाच आलेख मागतात, म्हणजे आकडा चुकला तर एखाद्याची जागा जाऊ शकते.

आता चल म्हणजे काय? घरी आई कॅलेंडरवर रोजचे दूध लिहिते, किती लिटर ते. दर मात्र वरच्या कोपऱ्यात एकदाच लिहिलेला असतो. दर वाढला की तेवढाच आकडा खोडायचा. तो कोपरा म्हणजे चल.

ग्नूप्लॉटमध्ये तो असा लिहितात: अंतर = २४००.०

(या पानासाठी देवनागरीत लिहिले आहे, टंकताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरा.) नावाची सुरुवात अक्षराने करायची, पुढे अक्षरे, आकडे किंवा अंडरस्कोर चालतात. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी धरली जातात. 'पाय' हे नाव प्रोग्रामने आधीच ३.१४१५९... साठी ठेवले आहे. ते बदलता येते, पण बदलू नका!

ही ओळ रोज टंकायला नको म्हणून ती सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवायची. लिनक्सवर ती आपल्या होम फोल्डरमध्ये असते. तिचे नाव आधी टिंब आणि मग ग्नूप्लॉट असे असल्याने ती एरवी दिसत नाही. प्रोग्राम सुरू होताना ती वाचतो. 'शो व्हेरिएबल्स' म्हटले की आपले सगळे चल दिसतात.

२४०० पुढचे '.०' शोभेसाठी नाही. दोन्ही पूर्णांक असले तर ग्नूप्लॉट भागाकारातला अपूर्णांक टाकून देतो. २४०० भागिले ६१० म्हणजे खरे तर ३.९३, आणि २४०० भागिले ७९० म्हणजे ३.०४. ग्नूप्लॉट दोन्हींचे उत्तर ३ देईल. तीन मिनिटे मागे राहिलेला मुलगा आणि पुढचा मुलगा सारख्याच वेगाचे! डेटा फाइलच्या रकान्यातून आलेले आकडे तो दशांशाचेच धरतो, त्यामुळे हा घोळ हाताने लिहिलेल्या आकड्यांत होतो. एका बाजूला '.०' असले तरी पुरते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. 'वेग = अंतर / ६१०' लिहिले तर भागाकार त्याच क्षणी होऊन जातो. नंतर अंतर १६०० केले तरी वेग जुनाच राहतो. पण 'वेग(वेळ) = अंतर / वेळ' असे फंक्शन लिहिले तर ते दर वेळी अंतराची ताजी किंमत घेते. म्हणून फाइलमध्ये मी अंतराचा चल आणि वेगाचे फंक्शन ठेवतो.

घरची फाइल सर्वांत आधी वाचली जाते, मग सुरू करताना 'डॅश ई' लावून दिलेल्या आज्ञा, शेवटी स्क्रिप्ट. जो नंतर बोलतो त्याचे चालते. ज्युनियरसाठी 'डॅश ई'ने १६००.० दिले आणि स्क्रिप्टमध्ये पुन्हा २४००.० असले, तर आलेख २४०० चाच निघेल. त्यावर उपाय 'एक्झिस्ट्स' हे फंक्शन: अंतर आधी ठरलेले नसेल तरच २४००.० धर, असे स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिता येते.

माझी फाइल सरांच्या संगणकावर नाही. म्हणून आलेख देण्याआधी मी 'डॅश डी' लावून स्क्रिप्ट चालवतो, म्हणजे सेटिंगच्या फाइली वाचल्याच जात नाहीत. 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' असा संदेश आला, तर त्याच्यापुढे छापलेले नाव स्क्रिप्टमध्ये लिहायचे राहिले आहे.