जांभूळ, त्याचा तुरटपणा आणि यकृत

मृगाच्या सुमारास बदलापूर-अंबरनाथच्या रस्त्यांवर जांभळांच्या पाट्या दिसूं लागतात. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन लाभलें आहे, तेव्हां त्यास चांगला भाव यावा अशी बागाईतदारांची इच्छा असणें स्वाभाविक होय. परंतु फळाबरोबर बियांची भुकटीहि 'मधुमेहावर रामबाण' म्हणून विकण्याचा मोह होतो. त्याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण आमच्या थोरल्या बंधूंनीं अशीच भुकटी घेऊन डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, आणि ती भुकटी आम्हींच कुटून दिली होती. दोन महिन्यांत त्यांच्या पायाची जखम चिघळली. बोट वांचलें, पण थोडक्यांत.

यकृताची पेशी म्हणजे गांवचें कोठारच होय. जेवणानंतर आलेली साखर ती ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविते, उपवासांत तीच रक्तांत परत सोडते, आणि कोठार भरल्यावर उरलेल्या साखरेची चरबी करते. मधुमेहांत हा हिशेब बिघडतो. रक्तांत साखर मुबलक असतांहि यकृत रात्रभर नवी साखर बनवून बाहेर लोटीत राहतें.

आतां जांभळाकडे वळूं. त्याचा रंग अँथोसायनिन नांवाच्या द्रव्यांचा, आणि बियांचा तुरटपणा टॅनिनांचा. बियांत गॅलिक व एलॅजिक हीं आम्लेंहि असतात. कांद्यांतील क्वेरसेटिन व द्राक्षाच्या सालींतील रेझव्हेराट्रॉल हीं याच कुळांतलीं. या सर्वांस पॉलिफेनॉल म्हणतात. २००६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं कांचपात्रांत वाढविलेल्या यकृतपेशींस भरपूर साखर देऊन चरबीनें भरलें, आणि मग पॉलिफेनॉल देतांच ती चरबी कमी झाल्याचें पाहिलें. पेशींत एएमपीके नांवाचें एक विकर आहे. पेशीची शक्ति कमी पडूं लागली कीं तें जागें होतें, चरबी बनविण्याचें काम थांबवितें व जाळण्याचें सुरू करितें. २०१० सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं यामागची खुबी दाखविली: क्वेरसेटिन व रेझव्हेराट्रॉल पेशींतील शक्तिनिर्मितीच किंचित मंदावितात, आणि त्या टंचाईनें विकर जागें होतें. म्हणजे हें पोषण नव्हे, लहानसा चिमटा आहे.

परंतु कांचपात्र वेगळें आणि पोट वेगळें. खाल्लेल्या अँथोसायनिनांपैकीं फारच थोडा अंश जसाच्या तसा रक्तांत पोहोंचतो. यकृत त्यास परकें समजून दुसरीं द्रव्यें जोडतें आणि लघवी व पित्तावाटे बाहेर टाकतें. एलॅजिक आम्लाचें रूपांतर मोठ्या आतड्यांतील जंतु करितात, आणि ते जंतु सर्वांच्याच पोटांत नसतात. ब्राझीलमध्यें जांभळाच्या पानांचा काढा मधुमेही रोग्यांस देऊन पाहण्यांत आला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ग्लायबेंक्लामाइड गोळीनें साखर उतरली, काढ्यानें उतरली नाहीं. पान म्हणजे बी नव्हे हें आम्हांस मान्य आहे. तथापि बियांविषयीं छातीठोक बोलणाऱ्यानें तितकाच पुरावा आणावा.

अतिरेकाचें उलट फळहि दिसलें आहे. हिरव्या चहाच्या अर्कांतून ईजीसीजी हें पॉलिफेनॉल रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेणाऱ्यांच्या रक्तांत यकृतास इजा दर्शविणारीं विकरें वाढतात, असें युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं नमूद केलें. साध्या चहास तो दोष लागत नाहीं. बाधतो तो दाट अर्क.

विकणाऱ्या बंधूंस कायद्याची आठवण करून देणें आम्हां जुन्या कारकुनांचें कामच आहे. मधुमेह बरा करितों अशी जाहिरात १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय यांसंबंधींच्या कायद्यानें निषिद्ध आहे. बांधावरील जांभूळ १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अनुसूचींत असल्यानें परवानगीवांचून तोडतां येत नाहीं, हेंहि इमारतवाल्यास जमीन देणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

बंधु आतां गोळ्या नेमानें घेतात, आणि डॉक्टरांस विचारून हंगामांत मूठभर जांभळें खातात. उरणारें बी आम्ही कुटीत नाहीं. तें वाळलें कीं लवकरच उगवण गमावतें. म्हणून फळ खाल्ल्यावर आठवड्याच्या आंत, ओलें असतांनाच पिशवींत लावितों.