यादीत कोणाचे नाव?

समजा, तुमच्या गावात एक वृद्ध आजी राहतात. त्यांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. सातबारा त्यांच्या नावावर आहे. एके दिवशी त्या तुम्हांला म्हणतात, "बेटा, तुला मराठी वाचता येते ना? या यादीत माझे नाव आहे का, बघ."

ही यादी कसली? २०१९ साली केंद्र सरकारने 'पंतप्रधान किसान सन्मान निधी' ही योजना सुरू केली. पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. दर चार महिन्यांनी २,००० रुपयांचा हप्ता थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. आयकर भरणाऱ्यांना मात्र हा लाभ घेता येत नाही.

तरीही चुका झाल्या. ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना सुमारे ३,००० कोटी रुपये गेले, असे सरकारनेच २०२१ मध्ये संसदेत सांगितले. मग वसुली सुरू करावी लागली.

अशा चुका कोण पकडू शकतो? दिल्लीतील अधिकाऱ्याला तुमच्या गावातील माणसे ठाऊक नसतात. शेजाऱ्याला मात्र सारे ठाऊक असते. म्हणूनच लाभार्थींची यादी गावाला दिसली पाहिजे. शिवाय हा पैसा कोणाचा? साबणाची एक वडी घेताना तुम्हीही कर भरता. ज्याने पैसा दिला, त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे.

१२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा लागू झाला. अनुदानाची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करावा, असे त्याचे चौथे कलम सांगते. माहिती मिळाली नाही, तर अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या कार्यालयात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

मात्र एक लक्षात ठेवा. यादी हिशेबासाठी असते, कोणाची चेष्टा करण्यासाठी नव्हे. कोणाचाही आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा क्रमांक चारचौघांत सांगू नये.

आता आजींकडे वळू. त्यांचे नाव यादीत आहे, पण ओळखीची पडताळणी राहिल्यामुळे हप्ता अडला आहे. तुम्ही ते वाचून सांगितले, तर त्या उद्याच केंद्रावर जातील. तुम्ही शिकलेल्या चार मराठी ओळी अशा कोणाच्या तरी उपयोगी पडतात.

शब्दार्थ
कोरडवाहू – केवळ पावसावर पिकणारी
पात्र – योग्य, लायक
लाभार्थी – ज्याला लाभ मिळतो तो
वसुली – दिलेला पैसा परत घेणे
हप्ता – ठरलेल्या वेळी मिळणारा रकमेचा भाग (उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा; फरक ध्यानात घ्या.)

स्वाध्याय
१. लाभार्थींची यादी गावाला का दिसली पाहिजे?
२. 'हिशेब', 'हक्क', 'अर्ज' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा.
३. आजींच्या वतीने हप्त्याची चौकशी करणारा अर्ज पाच ओळींत लिहा.