पापुद्रे सुटणारा माल
प्रश्न : नाहूरला आमचा छोटा मोल्डिंगचा कारखाना आहे. पॉलिप्रॉपिलिन आणि नायलॉनचा भंगार दाणा एकत्र वापरला की मालाचे पापुद्रे सुटतात. सगळा फेकून द्यावा का? (एक वाचक, नाहूर)

उत्तर : मुळीच फेकू नका. नायलॉन ध्रुवीय, पॉलिप्रॉपिलिन अध्रुवीय; वितळूनही ते एकजीव होत नाहीत. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलिनचा तयार दाणा बाजारात मिळतो, तो ३ ते ५ टक्के घालून पाहा. यातलं अनहायड्राइड नायलॉनच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या अमाइनशी वितळलेल्या अवस्थेतच बंध जोडतं, आणि उरलेली साखळी पॉलिप्रॉपिलिनमध्ये गुंतते. द्रावक लागत नाही, सांडपाणी निघत नाही. हा दाणा कारखान्यात बनवण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्याला पेरॉक्साइड लागतं आणि अनहायड्राइडची वाफ डोळ्यांना, फुप्फुसांना फार बाधते.

मिश्रण ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर करून घ्या. मोल्डिंग मशीनच्या स्क्रूला तेवढं घुसळणं जमत नाही. नायलॉन आधी ८० अंशांवर नीट सुकवा. मुंबईच्या पावसाळ्यात तर यात कसूरच नको, नाहीतर मालावर चंदेरी रेघा उमटतात. मग एक पट्टी वाकवून मोडा आणि मोडलेली कड भिंगातून बघा : थर वेगळे दिसले, तर त्या जोडणाऱ्या दाण्याचं प्रमाण थोडं वाढवा.