डॉक्टरांनी स्वतःलाच चिठ्ठी लिहावी का?

प्रश्न : तासगावला माझी जनरल प्रॅक्टिस आहे. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम स्वतःच्याच नावाने लिहिलं, तर मेडिकलवाला कुरकुरला. साताऱ्याला असलेल्या आईच्या बीपीच्या गोळ्याही मीच लिहितो. हे नियमाबाहेर आहे का?

उत्तर : नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्वतःला किंवा घरच्यांना औषध लिहून देण्यावर सरळ बंदी नाही. पण मेडिकलवाल्यावर रागावू नका. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येतं. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांसाठी डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते ३ वर्षं जपावं लागतं. दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं की तो थबकणारच. चिठ्ठीवर तारीख, सही, नोंदणी क्रमांक हवाच; ‘डॉक्टरांचा फोन आला होता’ ही काही चिठ्ठी नव्हे.

खरी काळजी मला आईची वाटते. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल डॉक्टरांना सांगते, शक्य तिथे स्वतःला आणि जवळच्यांना औषध लिहिणं टाळा. तुम्ही आईचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं? पायाला सूज येते म्हणून अ‍ॅम्लोडिपिन अर्धीच घेते, हे ती तुम्हाला कदाचित सांगणारही नाही. पोराला कशाला ताप! परक्या डॉक्टरला मात्र पाय पुढे करून दाखवेल.

आणि झोपेचं म्हणाल, तर एका रविवारी मिरजेला गाडी काढा आणि पेशंटच्या खुर्चीत बसा. डॉक्टरांनी एकमेकांना आणि एकमेकांच्या घरच्यांना आनंदाने, विनामूल्य तपासावं, असं तीच आचारसंहिता म्हणते.